राख, चिखल आणि पाच मीटर पाऊस

नगर जिल्हा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? पाथर्डी-जामखेडची माळरानं, चारा छावण्या, टँकरची वाट बघणारी वस्ती. फार तर राहाता-श्रीरामपूरचा ऊस. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण मनातलं चित्र काही बदललं नाही. खुद्द शहरात वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला की लोक समाधान मानतात.

आता नकाशावर बोट पश्चिमेकडे सरकवत न्या. अकोले गाव ओलांडा, भंडारदऱ्याचं धरण मागे टाका आणि जिथे जमीनच संपते तिथे थांबा. हे घाटघर. गाव छोटं, वस्ती मुख्यत्वे महादेव कोळ्यांची. पलीकडे कडा तुटतो आणि खाली शहापूरकडचं कोकण दिसतं. इथे कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. म्हणजे वाहून न जाता तो तसाच साठला असता तर गावावर पाच मीटर पाणी उभं राहिलं असतं! एका एकराचा हिशेब केला तर दोन कोटी लिटर. आणि तेही बहुतेक सगळं चार महिन्यांत.

याहून चकित करणारी गोष्ट पुढे आहे. घाटघरपासून अकोले गाव सरळ रेषेत चाळीस किलोमीटरही नाही, आणि तिथला पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या हिशेबातला. एकाच तालुक्यात, एकाच तहसीलदाराच्या हद्दीत पावसात आठ-दहा पटींचा फरक! हा पाऊस मधेच जातो कुठे?

तो जात नाही, कड्यावर पिळून निघतो. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा कोकणातून सुखाने येते आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकते. पुढे वाट नाही म्हणून ती वर चढते. दर शंभर मीटर चढाईला हवा अर्धा ते एक अंशाने थंड होते आणि थंड हवेला तितकी वाफ पेलवत नाही. ती वाफ घाटघर, रतनवाडी, साम्रद, पांजरे या गावांवर कोसळते. कडा ओलांडून हवा पूर्वेकडे उतरू लागली की पुन्हा तापते, उरलेले ढग विरतात आणि अकोल्यापर्यंत येईतो आभाळ नुसतं आश्वासनं देत राहतं. कड्याच्या तोंडाशी वारा इतका जोरात वर येतो की काही ठिकाणी धबधब्याचं पाणी खाली पडायच्या आत उलटं वर उडतं.

अशा जागी माणसं शेती करतात, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. कशी, हे एकेक करून पाहू. यातली प्रत्येक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे.

सुरुवात पायाखालच्या दगडापासून. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. तो थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला, पुन्हा थंड झाला. असं इतक्या वेळा घडलं की आज कळसूबाईचा डोंगर भाकऱ्यांच्या चवडीसारखा थरांवर थर रचलेला दिसतो. चवडीचं वरचं टोक १६४६ मीटरवर आहे, महाराष्ट्रात सगळ्यांत उंच. कड्यात मधूनच एखादा लाल पट्टा दिसतो. तो नीट बघा. दोन उद्रेकांच्या मध्ये इतका काळ गेला होता की दगड झिजून त्याची माती झाली, आणि मग नव्या लाव्ह्याने तिला भाजून गाडून टाकलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची माती, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर!

जावा बेटावरची डोंगराळ खेडीही ज्वालामुखीच्याच अंगावर वसलेली आहेत. तिथेही उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, तिथेही धो-धो पाऊस. फरक एवढाच की जावातले ज्वालामुखी जिवंत आहेत. मेरापीसारखा डोंगर अधूनमधून राख उधळतो, त्या क्षणी हाहाकार होतो, पण पुढच्या पिढ्यांच्या शेतात ताजी खनिजं येऊन पडतात. आपला ज्वालामुखी केव्हाच विझला. वरून पाच-पाच मीटर पाऊस दरवर्षी मातीतली क्षारद्रव्यं धुऊन नेतोय. मग डांगाणातल्या, म्हणजे या घाटमाथ्याच्या पट्ट्यातल्या, शेतकऱ्याने राख आणायची कुठून?

तो ती स्वतः करतो. उन्हाळ्यात घाटमाथ्यावर हिंडलात तर उतारावर काळे चौकोन दिसतील. परक्या माणसाला वाटतं, वणवा लागून गेला. तो राब असतो. ज्या तुकड्यात भाताचं रोप तयार करायचं, तिथे शेण, वाळलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचायचे, वरून बारीक माती पसरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं. आग भडकू द्यायची नाही, ती धुमसत राहिली पाहिजे. यालाच राब भाजणं म्हणतात.

या एका कामात किती कामं होतात पाहा. वरची दोन-चार बोटं माती तापते आणि तिच्यातलं तणाचं बी मरतं. राखेतून पोटॅश मिळतं, मातीचा आंबटपणा कमी होतो. भाजलेली माती भुसभुशीत होते, म्हणून तीन-चार आठवड्यांनी रोप उपटताना मूळ तुटत नाही. धो-धो पावसात खुरपणी करणार कोण आणि कशी? म्हणून ती खुरपणी आधीच, कोरड्या मे महिन्यात, आगीने उरकून घ्यायची! इंग्रज अधिकाऱ्यांना मात्र हा प्रकार म्हणजे जंगलाची नासाडी वाटे. ठाणे-कुलाब्यात १८८० च्या दशकात राबासाठी फांद्या छाटण्यावरून वनखातं आणि शेतकरी यांच्यात मोठा वाद पेटला होता. वनखात्याची तक्रार अगदीच खोटी नव्हती, झाडं ओरबाडली जातात हे खरंच. पण त्यानंतरच्या सव्वाशेहून जास्त वर्षांत राबाइतकी स्वस्त युक्तीही कोणी आणून दिली नाही.

मृग लागला, रोप हिरवं झालं की खाचरांमध्ये चिखलणी. मुसळधार पावसात, गुडघाभर चिखलात औत ओढायचं तर बैलही तसाच हवा. तो इथे आहे. त्याचं नाव डांगी. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबूस ठिपके, मध्यम बांधा, दिसायला फार रुबाबदार म्हणता येणार नाही. पण या जनावराच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो! पाऊस अंगावर ठरत नाही, ओघळून जातो. खूर काळे आणि इतके टणक की दिवसेंदिवस पाण्यात राहूनही सहसा कुजत नाहीत. पठारावरचा खिलार, कितीही देखणा असला तरी, इथे जुलै काढताना मेटाकुटीला येईल. राजूरला डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं. शहरी माणसं काजव्यांसाठी गर्दी करतात, या प्रदर्शनाची त्यांना गंधवार्ताही नसते.

चिखलणी म्हणजे नुसती माती कालवणं नव्हे. बैलांचे खूर आणि नांगर मातीतली बारीक छिद्रं मोडून टाकतात. खाली एक घट्ट थर तयार होतो आणि ज्या जमिनीतून पाणी झिरपून गेलं असतं तीच आता पाणी धरून ठेवते. शेतकरी दरवर्षी स्वतःच्या शेताला नवा तळ घालतो म्हणा ना.

आणि त्या पाण्यात भात उभा राहतो. हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्यातलं आश्चर्यच दिसत नाही. ज्वारीचं किंवा कपाशीचं शेत आठ दिवस पाण्यात बुडवून पाहा, मुळं गुदमरून झाड पिवळं पडेल. मुळांनाही श्वास लागतो. भाताला लागत नाही का? लागतो. पण त्याने पानापासून मुळापर्यंत देठातून पोकळ नळ्या काढल्या आहेत. पान वर हवा घेतं आणि ती चिखलातल्या मुळाच्या टोकापर्यंत पोचते. तणांना बहुतेक हे जमत नाही, ती बुडून मरतात. भात पाण्यात लावतात ते मुख्यतः यासाठी.

यानंतरची गोष्ट माझ्या मते सगळ्यांत थक्क करणारी आहे. डांगाणातला शेतकरी भाताचे तीन वर्ग करतो: हळवं, निमगरवं आणि गरवं. हळवं लवकर येतं, गरवं उशिरा. हळवं वरच्या खाचरात लावायचं, कारण पाऊस उघडला की तिथलं पाणी आधी ओसरतं. गरवं खालच्या खोलगट खाचरात, जिथे दसऱ्यानंतरही ओल टिकते. एका डोंगराच्या एका उतारावर, शंभर-दोनशे पावलांत, पाण्याच्या वेळापत्रकाप्रमाणे वाण बदलतात.

पण गरव्याला कळतं कसं, कधी फुलायचं ते? समजा यंदा पाऊस लांबला आणि आवणी, म्हणजे रोपांची लावणी, पंधरा दिवस उशिरा झाली. मग फुलोराही पंधरा दिवस उशिरा यायला हवा, नाही का? जुन्या गरव्या वाणांपैकी पुष्कळांच्या बाबतीत तसं होत नाही. उशिरा लावा की लवकर, ती जवळपास ठरलेल्या दिवसांतच निसवतात. कारण ही वनस्पती रात्र मोजते! दिवस लहान होत गेले, रात्रीची लांबी एका ठरावीक मर्यादेपुढे गेली की पानाला ते कळतं. पान एक निरोप तयार करतं, तो देठातून शेंड्याकडे जातो आणि शेंडा पानं काढायचं थांबवून ओंबी घडवू लागतो. असा निरोप असलाच पाहिजे, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकात मांडलं. तो सापडायला मात्र सत्तर वर्षं लागली. २००७ साली जपानी संशोधकांनी भातातच दाखवून दिलं की हा निरोप म्हणजे पानातून शेंड्याकडे प्रवास करणारं एक प्रथिन आहे. पाऊस लहरी असतो, ढगांमुळे आठ-आठ दिवस सूर्यही दिसत नाही, पण रात्रीची लांबी कधी खोटं बोलत नाही. भाताने विश्वास ठेवायला नेमकी तीच गोष्ट निवडली. सरकारी भात संशोधन केंद्रं निघण्याच्या कित्येक शतकं आधी कोणीतरी हा गुण हेरून, बी राखून, पुढच्या पिढीला दिला.

कोणीतरी म्हणजे बहुतेक बायांनी. अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव आता देशाला माहीत आहे. २०१८ च्या बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्या होत्या आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी ‘बाएफ’ संस्थेच्या साथीने गावठी वाणांची बँक उभी केली. त्यात काळभात, जिरवेल यांच्यासारखे भात आहेत, शिवाय वालाचेच कितीतरी प्रकार. बी राखायची पद्धत काय? राख. पुन्हा राखच! बियाणं नीट वाळवून राखेत कालवून ठेवायचं. राख ओल शोषते. तिचे सूक्ष्म कण किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडतात आणि किडा अक्षरशः सुकून मरतो. विषाचा थेंब नाही, विजेचं बिल नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शीतगृहात भाताचे लाखाहून जास्त नमुने आहेत, आणि त्यांची गरज आहेच. पण थंडीत ठेवलेलं बी झोपलेलं असतं. कोंभाळण्याचं बी दरवर्षी पेरलं जातं, दरवर्षी बदललेल्या पावसाशी झगडतं, आणि त्यातलं जे टिकतं तेच पुढच्या वर्षी पुन्हा राखेत जातं.

खाचरात भात झाला. उतारावर काय? तिथे माती उथळ, पाणी ठरत नाही. तिथे नागली, वरई आणि खुरासणी. सप्टेंबर सरता सरता खुरासणी फुलते आणि डोंगर पिवळे होतात. आता या पिकांचं मूळ गाव ऐका. नागली पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखातली. खुरासणी इथिओपियाच्या पठारावरची, तिच्या शास्त्रीय नावातच ॲबिसिनिया आहे. एकाच थाळीत नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढली जाते, तेव्हा ती थाळी समुद्रापलीकडच्या डोंगरातून आलेली असते. कोणत्या गलबतात, कोणाच्या गाठोड्यात आलं हे बी? हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी ते उतरवलं, आणि डोंगराने डोंगराचं पीक ओळखलं.

नागलीचे दाणे नीट वाळवले तर वर्षानुवर्षं टिकतात, किडा फारसा लागत नाही. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. खुरासणीची तऱ्हा आणखी न्यारी. तिच्या फुलाला स्वतःचा परागकण चालत नाही, दुसऱ्या झाडाचा हवा. म्हणजे मधमाशी नाही तर दाणा नाही, दाणा नाही तर तेल नाही. सातेरी माशीची पोळी ज्या रानात आहेत ते रान तोडलं, की शेतातलं पीक आपोआप घटतं. जंगल आणि शेत यांच्यातली हद्द सातबाऱ्यावर असते, मधमाशीला ती माहीत नाही.

घराच्या भिंतीकडेही जरा बघा. जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणामातीने लिंपलेल्या. कारवी हे झुडूप सात-आठ वर्षं नुसतं वाढत राहतं. एकही फूल नाही. मग एका पावसाळ्यात डोंगरावरची सगळी कारवी एकदम जांभळी होते, बी धरते आणि सगळी एकदम मरते. सगळ्यांनी एकाच वर्षी का? कारण थोडं थोडं बी दरवर्षी पडलं असतं तर उंदीर, पाखरं आणि किड्यांनी सगळं फस्त केलं असतं. सात वर्षं उपाशी ठेवून एकदम ढीग ओतला की खाणाऱ्यांना तो संपवता येत नाही, उरलेलं उगवतं. वाळलेल्या काठ्या घरांच्या भिंतींना जातात. आता सिमेंट आलं, तेही समजण्यासारखं आहे. ज्याला पाच मीटर पाऊस सोसायचा आहे त्याला कुडाचं कौतुक शहरातून सांगू नये.

एवढं पाणी, एवढी हुशारी. मग एप्रिल-मेमध्ये याच डोंगरातल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन ओढ्यात झरे का उकरतात? उत्तर पुन्हा त्या दगडाच्या चवडीत आहे. काळा पाषाण पाणी पीत नाही. थोडं भेगांतून उतरतं, दोन थरांच्या सांध्यातून झऱ्यासारखं बाहेर येतं आणि होळीनंतर आटतं. बाकी सगळं वाहून जातं. ते अडवायला इंग्रजांनी भंडारदऱ्याला प्रवरेवर दगडी धरण बांधलं. काम १९१० साली सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं. उंची ब्याऐंशी मीटर, साठा अकरा टीएमसी. या पाण्यावर खालच्या प्रवरा खोऱ्यात ऊस उभा राहिला आणि पुढे प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. पाऊस झेलतं डांगाण, साखर होते प्रवरानगरला. हा हिशेब कोणी नीट मांडला आहे असं मला वाटत नाही.

आणि खुद्द घाटघरला तर पाण्याचा एक वेगळाच खेळ चालतो. कड्याच्या वर एक तलाव, कड्याच्या खाली चोंढ्याला दुसरा, मध्ये चारशे मीटरहून जास्त उतार आणि डोंगराच्या पोटात खोदलेलं वीजघर. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडायचं, २५० मेगावॉट वीज करायची. रात्री मागणी घटली, वीज उरली, की तीच यंत्रं उलटी फिरवून तेच पाणी पुन्हा डोंगर चढवायचं! चढवायला लागते तितकी वीज परत मिळत नाही, तरीही हा व्यवहार परवडतो, कारण हवी तेव्हा मिळणारी वीज जास्त मोलाची. २००८ पासून हे सुरू आहे. अरबी समुद्राने एकदा फुकट वर आणून दिलेलं पाणी आपण विजेने पुन्हा पुन्हा वर नेतो आहोत.

आता तुम्हाला तिथे जावंसं वाटेल. जा. फक्त मेअखेरीच्या काजव्यांच्या गर्दीत जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. हिरड्या-बेहड्याच्या झाडावर हजारो काजवे एका तालात लुकलुकतात ते एकमेकांचा प्रकाश पाहून. प्रत्येक काजवा शेजाऱ्याच्या चमकेप्रमाणे आपली चमक थोडी मागे-पुढे करतो आणि बघता बघता सगळं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं. हे नरांचं मादीला बोलावणं असतं, आणि त्यासाठी त्यांच्या हाताशी मोजून काही दिवस असतात. तुमच्या गाडीचे दिवे, मोबाइलचा फ्लॅश आणि झाडाखाली फिरणारे पाय यांनी ते बोलावणं मोडतं. पुष्कळ माद्या आणि अळ्या तर गवतातच असतात. दिवे विझवा, रस्त्यावरून बघा.

त्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये जा. खुरासणी फुललेली असते, हळव्या भाताची कापणी चालू असते, गरवं अजून खालच्या खाचरात उभं असतं. एखाद्या घरी जेवण सांगा, नागलीची भाकरी मागा. निघताना काळभात मिळाला तर घ्या, आणि भाव करू नका.